एकोणीस

मोन्तेविदेओत जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
दहाला आम्ही सात जण भिंतीसमोर उभे राहतो.
थर्मॉस वॉशिंग्टनच्या काखेत,
येर्बाच्या कडू काढ्याचा भोपळा हातोहात फिरतो,
नळी एकच, सगळ्यांच्या ओठांना.
पुरे झालं की ‘ग्रासियास’ म्हणायचं.
सवयीने आधीच आभार मानलेत
तर पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात.

मी सुल्मा. हुद्दा लांबलचक, काम एवढंच:
दर दुसऱ्या शुक्रवारी संपलेल्या कामांचे पॉइंट मिळवायचे
आणि पडद्यावर एक खांब उभा करायचा.
बावीस. चोवीस. एकवीस. तेवीस.
ह्याला व्हेलॉसिटी म्हणतात.
शाळेत शिकले होते, वेगाला दिशा असते, चालीला नसते.
इथे तो प्रश्न कुणी काढत नाही.

मार्चमध्ये वरच्या मजल्यावरून विचारणा झाली:
तीस का नाही?
कुणी काही बोललं नाही.
पण पुढच्या बैठकीत पत्ते उलटले तेव्हा
कालपर्यंत तीनचं असलेलं काम पाचचं निघालं,
पाचचं आठचं.
ठरवलं कुणीच नव्हतं.
दुधात पाणी घालायला सभा कुठे बोलवावी लागते?
एकतीस. चौतीस. अडतीस.
वरून केक आला.

आम्ही गुरांची नोंद ठेवतो.
या देशात माणसांपेक्षा गुरं जास्त,
प्रत्येकाच्या कानात बिल्ला, बिल्ल्यात नंबर,
फाटकावर तो वाचणारं यंत्र,
यंत्रामागे आम्ही.
जूनच्या शेवटी ताक्वारेम्बोहून दोन्या इर्मांचा फोन:
‘माझी दोनशे बारा जनावरं
तुमच्याकडे दोनशे एकोणीस झालीत.
वरची सात वासरं कुठे बांधलीत तेवढं सांगा,
पाणी तरी दाखवते.’

यामान्दूने ते काम घेतलं. अंदाज, दोन पॉइंट.
पहिला आठवडा गप्प.
दुसऱ्या सोमवारी उठला आणि बस धरून उत्तरेला गेला.
स्प्रिंट संपला तेव्हा तो तिथेच, फाटकाशी, चिखलात.
अर्धं काम म्हणजे शून्य, नियमच आहे.
त्याला फोनवर साथ देताना
नादियाचंही आठाचं एक राहून गेलं.
मी खांब उभा केला.
एकोणीस.
संध्याकाळच्या आत वरून पत्र: काय झालं?

परतला तेव्हा बुटांना शेण होतं. उभ्या उभ्याच सांगू लागला:
‘गुरं एकामागून एक जातात, हे आपण इथे बसून ठरवलं.
वासरू फाटक ओलांडतं, वळून बघतं,
आई अजून मागेच.
मग ते परत येतं,
आणि दोघं मिळून जातात.
आपल्या यंत्राला परत येणं माहीत नाही.’

एक ओळ होती, जुनी, बहुधा माझ्याच हातची:
तोच नंबर पुन्हा आला, तर नवं जनावर समज.
त्याने ती खोडली.
तिच्या जागी काही लिहिलं नाही.

एक ओळ खोडण्याचे किती पॉइंट?
पत्ते पालथे टाकले, तीन म्हणताच उलटले.
एक. तेरा. तेरा. प्रश्नचिन्ह.
वॉशिंग्टनने कॉफीचा कप टाकला, म्हणजे सुट्टी हवी.
यामान्दूने पत्ता उचललाच नाही,
भोपळा त्याच्या हातात होता.

रात्री पत्राला उत्तर लिहायला बसले.
लिहिलं: सात वासरं कमी केली. पुसलं.
लिहिलं: अंदाज चुकला. तेही पुसलं.
मग मार्चपासूनचे खांब एकेक करून उघडले,
पाचांचे तीन केले, आठांचे पाच.
तेवीस. बावीस. चोवीस.
आणि एकोणीसचे झाले बारा.
तसंच पाठवलं.

अजून उत्तर नाही.
आज भोपळा माझ्याकडे आला तेव्हा ‘ग्रासियास’ जिभेवर होतं.
गिळलं. प्यायले. काढा निवला होता.
तेवढ्यात दोन्या इर्मांचा फोन:
‘बरोबर, दोनशे बारा.
पण आता तेरा करा,
पहाटे एक झालंय,
अजून बिल्ला मारलेला नाही.’